दिवस राहण्याचे दिवस कोणते?



मागील अंकात आमच्या आरोग्यफेरीचा जमाखर्च छापला होता. त्यात 'दिनदर्शिका, मणी, दोरा, टिकल्यांची पाकिटे' अशी एक ओळ होती. ती वाचून एका ज्येष्ठ भगिनीने पत्राने विचारले, "औषधे समजली, पण मणी आणि टिकल्या कशाला?" प्रश्न रास्त आहे. देणगी देणाऱ्याने हिशेब विचारलाच पाहिजे. उत्तर मात्र जरा लांब आहे, आणि विषय असा की उपासनेनंतर चहा घेताना आपण तो काढत नाही. म्हणून लिहूनच देते.

मी नर्स आहे. केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतल्या कोलाम पोडांवर आमची फेरी असते. नवीन वाचकांसाठी सांगते, पोड म्हणजे कोलामांची वस्ती, बहुधा मुख्य गावापासून अलग. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड हे इतर दोन. फेरीत बायकांच्या दोन तक्रारी हमखास असतात. एक कंबरदुखी, आणि दुसरी, आवाज खाली आणून सांगितलेली: "सिस्टर, अंगावरून लय पांढरं जाते. गोळी द्या."

दोन वर्षांपूर्वी एका पोडावर एक सून अशीच गोळी मागायला आली. लग्नाला तीन वर्षे झालेली, मूल नाही. सोबत सासू होती आणि बोलत होती सासूच. मी सुनेला विचारले, "पांढरं रोज जाते का?" ती म्हणाली, "रोज नाही. पाळी गेल्यावर सात-आठ दिवसांनी चालू होते, चार दिवस राहते, मंग आपोआप बंद." वास? नाही. खाज? नाही. कसे दिसते? तिने थोडा विचार केला. "कोंबडीच्या अंड्यातलं पांढरं असते ना, तसं. बोटाला धरलं तं तार येते."

मी हातातली गोळ्यांची डबी खाली ठेवली. तो आजार नव्हताच. ती जिची वाट पाहत होती, तीच ही खूण होती. आणि तिने काय केले होते? कोणीतरी सांगितले म्हणून तीन वर्षे त्या दिवसांत तुरटीच्या पाण्याने आतून धुतले, मिळतील त्या गोळ्या खाल्ल्या, आणि 'अंगावर जात आहे' म्हणून तेवढे चार दिवस नवऱ्यापासून वेगळी झोपली. महिन्यातल्या ज्या थोड्या दिवसांत दिवस राहू शकले असते, नेमके तेच तिने आजारपण समजून सोडून दिले होते. गावात तिला वांझ म्हणू लागले होते, आणि घरात दुसऱ्या बायकोची भाषा सुरू झाली होती.

म्हणून हे सगळे सांगायचे. नुसत्या पोडासाठी नव्हे. यवतमाळच्या आणि नागपूरच्या आपल्या मंडळ्यांतल्या शिकलेल्या सुनाही मला फोन करून हाच प्रश्न विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात.

आपल्याकडे शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस पडला की लगेच कोणी पेरत नाही. चिखलात बी सडते, कोरड्यात करपते. जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसतो ते थोडेच दिवस असतात, तेव्हाच तिफण धरायची. स्त्रीच्या शरीरातही महिन्यातून एकदा असा वाफसा येतो. पाळी थांबल्यावर काही दिवस कोरडे जातात. मग ओलसर, डिंकासारखे चिकट काही जाणवते. पुढे ते पातळ, साईसारखे होते, आणि शेवटी एक ते चार-पाच दिवस पारदर्शक, निसरडे, तार येणारे पाणी जाते. स्त्रीबीज पिकत आले की शरीरातले एक संप्रेरक वाढते आणि गर्भाशयाच्या तोंडाशी हे पाणी तयार होते. योनीतल्या आम्लात पुरुषबीज फार वेळ तग धरत नाही; या निसरड्या पाण्यात मात्र ते जगते आणि वर सरकते. तार येण्याचा शेवटचा दिवस सर्वांत महत्त्वाचा, कारण स्त्रीबीज बहुधा त्याच्या आगेमागे एका दिवसात सुटते. तो शेवटचा होता हे कळते दुसऱ्या दिवशी, पाणी आटल्यावर. म्हणून शेवटच्याची वाट पाहू नये. ओल दिसली की दिवस सुरू झाले असे धरावे.

स्त्रीबीज सुटल्यावर बारा ते चोवीस तासच कामाचे असते. पुरुषबीज मात्र चांगल्या ओलीत पाच दिवसांपर्यंत टिकते. हे दोन्ही जोडले की सहा दिवसांचा काळ मिळतो: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांची रोजची लघवी तपासून एक अभ्यास झाला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना दिवस राहिले, त्या सगळ्यांचा संबंध या सहा दिवसांतला होता. बीज सुटून दिवस उलटल्यावर कोणालाच राहिले नाहीत. याचा अर्थ, बीज सुटेपर्यंत थांबण्यापेक्षा थोडे आधी असणे बरे.

पण हे सहा दिवस येतात कधी? इथे माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. नर्सिंगच्या परीक्षेत मी 'चौदाव्या दिवशी' असे उत्तर लिहून गुण मिळवले होते. लग्नानंतर आम्ही चार वर्षे वाट पाहिली. माझे यजमान तेव्हा बल्लारपूरला नोकरीला आणि मी इकडे. मी दर महिन्याला बारावा ते पंधरावा दिवस मोजून रजा टाकायचे, बस पकडायचे आणि परत यायचे. काही होत नव्हते. एका दवाखान्यात मला सहा महिने ताकदीची औषधे दिली. माझी पाळी किती दिवसांनी येते, हे तिथे कोणी विचारले नाही, आणि नर्स असून मलाही ते सांगायचे सुचले नाही. माझी पाळी चौतीस दिवसांनी येत होती. पुढे एका वयस्क सिस्टरांनी माझ्या वहीतल्या तारखा पाहिल्या आणि पेन्सिलीने उलटे मोजले.

उलटे मोजणे हीच खरी गोष्ट आहे. स्त्रीबीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला असतो, साधारण चौदा दिवस, बारा ते सोळाच्या दरम्यान. कमी-जास्त होतो तो आधीचा काळ. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर चौदावा दिवस बरोबर. पण चोवीस दिवसांची असेल तर बीज दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, आणि माझ्यासारख्या चौतीसवालीचे विसाव्या. मी पंधराव्या दिवशी परतीच्या बसमध्ये बसत होते, तेव्हा माझे दिवस जेमतेम सुरू होत होते! १९२० च्या दशकात जपानचे डॉक्टर क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे ही मोजणी दाखवून दिली. शंभर वर्षे होत आली, तरी 'चौदावा दिवस' आमच्या डोक्यातून गेलेला नाही. माझी मोठी मुलगी आता बारावीला आहे, आणि तिच्या पुस्तकातही अठ्ठावीस दिवसांचेच चित्र आहे.

तर पहिले काम म्हणजे तारीख. निदान तीन-चार महिन्यांच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची नोंद हवी. पोडावर किंवा गावात जिथे बाई 'बाहेर बसते', तिथे तो दिवस सगळ्या घराला ठाऊक असतो, पण महिना उलटला की विसरतो. लिहिता न येणाऱ्यांसाठी आम्ही दिनदर्शिका देतो आणि टिकल्या देतो. पाळीच्या पहिल्या दिवशी लाल टिकली. तार येणारे पाणी दिसेल त्या दिवशी हिरवी. बस्स. तीन महिन्यांनी पान उलटून पाहिले की बाई स्वतःच बोट ठेवून सांगते, "या आठवड्यात येते." पाणी लघवीला जाताना पाहावे, स्वच्छ हाताने किंवा स्वच्छ कापडाने, आत बोट घालायची गरज नाही. संबंधानंतरच्या सकाळी पाहू नये, फसगत होते.

'अशिक्षित बायकांना हे कसे जमणार?' असे मला आपल्याच लोकांनी विचारले आहे. मेलबर्नचे डॉक्टर दांपत्य जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज यांनी ही पाण्याची खूण पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाच देशांत ती तपासून पाहिली. भारतातले केंद्र बंगळूर होते. त्या अभ्यासात लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियाही होत्या. शंभरातल्या नव्वदहून अधिक स्त्रियांना पहिल्याच महिन्यात आपली खूण ओळखता आली. माझा अनुभव याहून वेगळा नाही. पोडावरची बाई डिंक, साय आणि अंड्याचा बलक-पांढरे यांतला फरक आपल्याइतकाच ओळखते.

पण एक मोठी काळजी घ्यायची. सगळेच पांढरे पाणी निरोगी नसते, आणि माझे हे वाचून कोणी खरा आजार अंगावर काढू नये. दह्याच्या चोथ्यासारखे आणि खाज सुटणारे, माशासारखा घाण वास येणारे, पिवळे किंवा हिरवट, ओटीपोटात दुखून किंवा ताप येऊन जाणारे, संबंधानंतर रक्त दिसणारे, असे असेल तर लगेच आरोग्य केंद्रात जायचे, आणि डॉक्टर सांगतील तर नवऱ्यानेही औषध घ्यायचे. असे जंतुसंसर्ग अंगावर काढल्याने गर्भनलिका बंद होतात. आपल्याकडे क्षयरोगही तिथे जाऊन बसतो. आणि तुरटी, साबण, लिंबू यांनी आतून धुणे पूर्ण बंद. बाहेरून साधे पाणी पुरे.

आता मणी. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने बत्तीस मण्यांची एक माळ तयार केली. भारतात ती मालाचक्र नावाने ओळखली गेली. लाल मणी म्हणजे पाळीचा पहिला दिवस, मग सहा तपकिरी, मग बारा पांढरे, आणि शेवटी तेरा तपकिरी. रोज सकाळी रबराचे कडे एक मणी पुढे सरकवायचे. पांढऱ्या मण्यांचे, म्हणजे आठ ते एकोणीस हे दिवस गर्भ राहू शकणारे. माळ मुळात गर्भ टाळण्यासाठी आहे. मूल हवे असणाऱ्यांना आम्ही ती उलटी वाचायला शिकवतो. आपल्या भगिनी मंडळाने बाजारातले मणी आणून अशा माळा ओवून दिल्या, तोच तो जमाखर्चातला दोरा. मर्यादा दोन आहेत. पाळी सव्वीस ते बत्तीस दिवसांच्या आत येत असेल तरच माळ खरी. मला ती उपयोगाची नव्हती. दुसरी मर्यादा अशी की पोरे कडे सरकवून खेळतात. एका घरात एका दिवसात अर्धा महिना पुढे गेला होता. माळ उंच खुंटीला टांगावी.

थर्मामीटरबद्दलही विचारतात. बीज सुटल्यानंतर शरीराचे तापमान थोडे चढते, अर्ध्या अंश सेल्सिअसहूनही कमी, आणि पुढच्या पाळीपर्यंत चढलेले राहते. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, ठरावीक वेळी मोजावे लागते. खरे सांगते, ज्या घरात पहाटे चारला पाणी भरायला उठायचे, रात्री लेकरे आणि म्हातारी उठवतात, तिथे हे जमत नाही. शिवाय तापमान चढल्याचे कळते तोवर दिवस निघून गेलेले असतात. बीज सुटते की नाही एवढे दोन-तीन महिन्यांच्या नोंदीवरून डॉक्टरांना दाखवायला त्याचा उपयोग. आम्ही थर्मामीटर तापासाठीच वापरतो.

पांढरकवड्याच्या किंवा यवतमाळच्या औषध दुकानात लघवीवर तपासायची ओव्हुलेशन पट्टी मिळते. बीज सुटण्याच्या साधारण चोवीस ते छत्तीस तास आधी एका संप्रेरकाची लाट येते, ती ही पट्टी दाखवते. पाळी जितक्या दिवसांची, त्यातून सतरा वजा करून त्या दिवसापासून रोज तपासावे. अठ्ठावीसवालीने अकराव्या दिवसापासून. आधी दोन तास फार पाणी पिऊ नये. इथे एक गोंधळ फार होतो. आशाताईंकडे असते ती 'निश्चय' पट्टी गरोदरपणाची. तिच्यावर दुसरी रेघ फिकट आली तरी अर्थ 'हो' असतो. ओव्हुलेशन पट्टीवर फिकट रेघ जवळजवळ रोजच दिसते. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच 'हो'. एका शिक्षिकाबाईंनी पट्टीवर फिकट रेघ पाहून पेढे वाटले होते. त्यांचे तोंड मला अजून आठवते. आणि ज्यांच्या अंडाशयात गाठी-गाठी होऊन पाळी लांबते, त्यांना ही पट्टी पुष्कळदा खोटे सांगते. मोबाइलमधली बहुतेक अॅपेसुद्धा मागच्या तारखांची सरासरी काढूनच अंदाज करतात. पाणी पाहण्याचे काम ती करत नाहीत.

ओळखता आले की मग काय? त्या दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड एकत्र राहावे. 'ताकद साठवण्यासाठी' आठ-पंधरा दिवस दूर राहणे उलट नुकसानीचे. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, ही समजूत मी ख्रिस्ती घरांतही ऐकली आहे; तिला काहीही आधार नाही. आणि सगळे बरोबर केले तरी पहिल्याच महिन्यात दिवस राहतील असे नाही. निरोगी तरुण जोडप्याला एका महिन्यात संधी शंभरात वीस-पंचवीस असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना दिवस राहतात.

आता पुरुषांकडे वळते, कारण ते या लेखातून निसटायला पाहतील. पोडावरचे तरुण कामासाठी बाहेर जातात, वीटभट्टीवर, बांधकामावर, सीमेपलीकडे तेलंगणात. महिन्यातून दोन दिवस घरी येतात आणि ते दोन दिवस कोणते असावेत हे ठेकेदार ठरवतो. मग बायको वांझ ठरते. आम्ही आता नवऱ्यांनाही टिकल्यांचे पान दाखवतो आणि म्हणतो, भाऊ, सुट्टी या आठवड्यात माग. दुसरे, खर्रा. तंबाखूने बीज कमी आणि कमजोर होते, दारूनेही. काही कीटकनाशकेही वीर्याला बाधतात. फवारणीच्या विषाने २०१७ मध्ये या जिल्ह्यात मजूर दगावले, तरी अजून उघड्या अंगाने फवारणी चालते. पुरुषबीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून खर्रा सोडून आठ दिवसांत फरक शोधू नये. आणि मूल होत नसेल तर पहिली तपासणी वीर्याची करावी. ती साधी, स्वस्त आणि बिनदुखीची आहे. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडते. तरी बाईच्या तपासण्या, नवस, अंगारे आणि कर्ज आधी, आणि पुरुषाची तपासणी शेवटी किंवा कधीच नाही. एलकाना निदान हन्नेला बोल लावत नव्हता.

वर्षभर असे प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जावे. बाईचे वय पस्तिसाच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पाळी एकवीस दिवसांच्या आत किंवा पस्तीस दिवसांनंतर येत असेल, महिनोन्महिने येत नसेल, किंवा पूर्वी ओटीपोटाचा आजार अथवा क्षयरोग झाला असेल, तर वाट पाहूच नये. आणि आपल्या भागात एक गोष्ट दिवस राहण्याआधीच करावी: दोघांच्याही रक्ताची सिकलसेल तपासणी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये यासाठी देशभर मोहीम सुरू केली आहे, तेव्हा आरोग्य केंद्रात मागायला संकोच नको. फोलिक अॅसिडची गोळीही दिवस राहण्याआधीपासूनच सुरू करावी, राहण्याची वाट पाहू नये.

त्या सुनेचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिने तुरटी सोडली, गोळ्या सोडल्या, आणि त्या चार दिवसांत वेगळे झोपणे सोडले. पाचव्या महिन्यात आशाताईंच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मुलगी झाली. सासूबाई आता दुसऱ्या सुनांना माझ्याकडे घेऊन येतात आणि माझ्याआधी त्याच विचारतात, "तार येते का वं?" पण त्याच पोडावर दुसरे एक जोडपे आहे, त्यांचे टिकल्यांचे पान वर्षभर अगदी नीट भरले गेले आणि काही झाले नाही. नवरा तपासणीला तयार व्हायला चार महिने गेले. अहवालात बीज कमी निघाले. खर्रा सुटला आहे, औषध चालू आहे. घरातली दुसऱ्या बायकोची गोष्ट मात्र त्या कागदाने थांबवली.

तर तो खर्च असा. मणी आता पुरेसे आहेत, ते पाठवू नका. नवीन वर्षाच्या दिनदर्शिका मात्र हव्या आहेत. ज्यांच्याकडे दुकानांतून जास्तीच्या येतात त्यांनी डिसेंबरअखेरपर्यंत कार्यालयात पोहोचत्या कराव्यात. फक्त तारखांचे चौकोन मोठे असतील अशाच द्या. लहान चौकोनात दोन टिकल्या मावत नाहीत.